तुमचे प्रश्न: मराठी उपासना इंग्लिशमध्ये मिसळायची का?

मागच्या अंकात मी ब्रिटनमधल्या वेल्सच्या उत्तर भागातल्या आमच्या साडेचार वर्षांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, तिथलं चर्च, दोन भाषा वगैरे, तर त्यावरच इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही नागपूरचेच. आमच्या चर्चमध्ये सकाळी साडेसातला मराठी उपासना असते आणि साडेनऊला इंग्लिश. मराठीला आता पस्तीस-चाळीस लोक उरलेत, बहुतेक साठीच्या पुढचे, इंग्लिशला बसायला जागा नसते. कमिटीत ठराव आलाय की दोन्ही एक करून बायलिंग्वल करू, पाळकसाहेबांचीही धावपळ वाचेल. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या म्हणाल्या "एक करतो म्हणतेत अन् आपलं बंद करतेत", आणि त्या दिवशी जेवल्याच नाहीत. तुम्ही लिहिलं होतं की वेल्समध्ये एकाच उपासनेत दोन भाषा चालतात. खरंच चालतात का, आणि कसं करतात ते लोक? (एक सून, उत्तर नागपूर)

उत्तर: ताई, चालतात, आणि फार सुंदर चालतात, पण तुमच्या सासूबाई म्हणाल्या तेही खरं आहे, म्हणून आधी त्यांना सांगा की जेवून घ्या, तुमच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे.

आम्ही राहायचो ते ग्विनेद भागात. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार निघाले, पण ग्विनेदमध्ये ६४.४ टक्के. म्हणजे दुकानात, बस स्टॉपवर, शाळेच्या गेटवर सगळीकडे वेल्श, आणि त्यातच इंग्लंडमधून रिटायर होऊन आलेले, नोकरीला आलेले, आमच्यासारखे कुठून कुठून आलेले. चर्चमध्येही तेच. तिकडे आता एकेका पाळकाकडे तीन-चार-पाच चर्चेस असतात, जुने पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, एकत्र करून मोठे भाग केलेत, त्यामुळे बोर्डावर टाइमटेबल लावलेलं असायचं, कुठल्या रविवारी कुठल्या चर्चला कुठली भाषा. आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार पूर्ण वेल्श, एक रविवार पूर्ण इंग्लिश, आणि बाकीचे मिसळीचे.

मिसळीची उपासना कशी असते ते सांगते. हातात पुस्तक देतात त्याच्या डाव्या पानावर वेल्श आणि उजव्या पानावर तेच इंग्लिशमध्ये, ओळीला ओळ लावून. व्हिकर, म्हणजे तिथली पाळकबाई, एखादा भाग वेल्शमध्ये म्हणते, पुढचा इंग्लिशमध्ये, आणि तुमचं पान उघडंच असतं त्यामुळे कुणी हरवत नाही. एक शास्त्रपाठ वेल्शमध्ये, दुसरा इंग्लिशमध्ये, आणि जो वाचला त्याचं भाषांतर परत वाचत बसायचं नाही. गीतांचा तर प्रश्नच नव्हता, चाल सगळ्यांना पाठ, इंग्लंडहून आलेल्या म्हाताऱ्या बायका सुद्धा वेल्श गीतं चार सुरांत म्हणायच्या, अर्थ अर्धाच कळत असेल पण उच्चार चोख.

आणि मग प्रभूची प्रार्थना. व्हिकर फक्त एवढं म्हणायची की आपापल्या भाषेत म्हणा, आणि सगळं चर्च एकदम सुरू व्हायचं. पहिल्यांदा मी गप्पच उभी राहिले, डाव्या बाजूला एक शेतकरी "आइन ताद" म्हणत होता, उजवीकडे एक बाई "आवर फादर", आणि मला वाटलं आपल्याला पण सांगितलंय की आपापल्या भाषेत, तर मी हळूच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. वेग सगळ्यांचा वेगळा, कुणी रोजच्या भाकरीपाशी असतं तर कुणी क्षमेपाशी पोचलेलं, एक गुणगुण असते नुसती, आणि शेवटी जे आधी संपवतात ते थांबतात, आणि आमेन मात्र सगळ्यांचं एकत्र, कारण आमेन तिन्ही भाषांत आमेनच. उपासनेनंतर हॉलमध्ये चहा असतो, तो शेतकरी कप घेऊन आला आणि विचारलं की ती कुठली भाषा होती, मी मराठी सांगितलं, तर त्याने विचारलं की तुमच्याकडे देवाला तू म्हणतात की तुम्ही. मी म्हटलं तू. तो इतका खूश झाला! कारण वेल्शमध्ये सुद्धा तू आणि तुम्ही वेगवेगळे आहेत, पाळकाला, मास्तरला, अनोळखी माणसाला तुम्ही, आणि देवाला तू. इंग्लिशवाल्यांना हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही.

आता सासूबाईंची बाजू. मिसळीची उपासना चांगली चालते ती केवळ पहिला रविवार पूर्ण वेल्श असतो म्हणून. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, चर्चच्या मीटिंगला अकरा लोक बसलेले, दहा जणांची मातृभाषा वेल्श, एकाला येत नाही, तर सगळी मीटिंग इंग्लिशमध्ये व्हायची. कुणी जबरदस्ती केली नाही, त्या एकाला एकटं वाटू नये म्हणून दहा जण आपणहून वळले. लहान भाषेवाल्यांना मोठी भाषा येते, मोठीवाल्यांना लहान येत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवल्या की उतार नेहमी एकाच बाजूला. आपल्याकडेही बघा ना, सदरला किंवा बर्डीवर पाच मराठी माणसं उभी असतात, एक हिंदीवाला आला की सगळे हिंदी. चांगुलपणाच आहे तो, मी वाईट म्हणत नाही, पण रोजचा चांगुलपणा असा साचत गेला की एक दिवस आपली भाषा फक्त आजीशी बोलायला उरते.

वेल्श लोक याबाबतीत इतके सावध का आहेत त्याला जुनं कारण आहे, जरा ऐका. १५६३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की बायबल आणि प्रार्थनेचं पुस्तक वेल्शमध्ये आणा, पण सोबत प्रत्येक चर्चमध्ये इंग्लिश प्रत शेजारी ठेवा, म्हणजे लोक दोन्ही ताडून बघतील आणि इंग्लिश शिकतील. झालं उलटंच. १५६७ मध्ये नवा करार आणि प्रार्थनेचं पुस्तक आलं, आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन नावाच्या एका खेडेगावच्या व्हिकरने अख्खं बायबल वेल्शमध्ये आणलं, आणि ते दर रविवारी गावोगावी मोठ्याने वाचलं गेल्यामुळे वेल्श टिकली. शेजारच्या कॉर्नवॉलची कॉर्निश भाषा, तिला ना बायबल मिळालं ना प्रार्थनेचं पुस्तक, ती अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत बोलण्यातून गेली.

दुसरी गोष्ट त्याहून झोंबणारी आहे. १७६६ मध्ये अँगलसी बेटावरच्या एका पॅरिशवर डॉक्टर बोल्स नावाचा सत्तरीचा इंग्लिश पाळक नेमला, त्याला वेल्शचा शब्द येत नव्हता, आणि पॅरिशमधल्या सुमारे ५०० लोकांपैकी इंग्लिश कळणारे जेमतेम पाच. लोकांनी केस केली. १७७३ मध्ये निकाल लागला की वेल्श पॅरिशच्या पाळकाला वेल्श आलीच पाहिजे, लोकांचं म्हणणं बरोबर आहे, पण बोल्सची नेमणूक आधीच झालीय तर त्याला आता काढता येत नाही! सात वर्षं त्या मंडळीने न कळणाऱ्या भाषेत उपासना सहन केली असेल, बाप्तिस्मे, लग्नं, मातीचे विधी, सगळं. अशातूनच पुढे बहुतेक वेल्श माणसं चर्च सोडून चॅपलमध्ये, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या मंडळ्यांमध्ये, गेली, कारण चॅपल म्हणजे आपली भाषा आणि चर्च म्हणजे साहेबाची, असंच गणित झालं. शेवटी १९२० मध्ये वेल्समधलं चर्च सरकारपासून वेगळं झालं आणि त्यानंतर हळूहळू त्यांनी भाषेचं हे घर परत बांधायला घेतलं.

म्हणून ताई, कमिटीसमोर जाताना हे घेऊन जा असं मी म्हणेन. मिसळीची उपासना जरूर सुरू करा, पण महिन्यातून एकदा, मोठ्या सणांना, हार्वेस्टच्या म्हणजे सुगीच्या सणाला, आणि मराठी उपासना तिच्या वेळेला तशीच राहू द्या, आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला पण पूर्ण मराठी. मिसळीत उपदेशाचं वाक्यावाक्याला भाषांतर नको, चाळीस मिनिटं होतात आणि दोन्हीकडचे कंटाळतात, त्यापेक्षा उपदेश एका भाषेत आणि दुसऱ्या भाषेत त्याचा एका पानाचा सारांश छापून बाकांवर ठेवा. पुस्तक समोरासमोरच्या पानांचं करा, हे काम तुमच्या यूथमधली दोन मुलं लॅपटॉपवर आठवड्यात करतील. प्रभूची प्रार्थना आपापल्या भाषेत. आणि सूचना, नोटिसा आधी मराठीत मग इंग्लिशमध्ये, क्रम महत्त्वाचा आहे, तिकडे रस्त्यावरच्या पाट्यांवर सुद्धा आता वेल्श आधी असते.

कुणी म्हणालं की वेगळ्या उपासनांनी फूट पडते, तर त्यांना आपल्याच शहराची आठवण द्या. २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते इथे नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला. सहा चर्चेस एक झाली, त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच द्यायचा म्हणणारेही होते, आणि कुणालाही आपली रीत सोडायला लावली नाही, दोन्ही ठेवल्या. बाप्तिस्म्याच्या दोन रीती एका चर्चमध्ये नांदू शकतात तर उपासनेच्या दोन वेळा का नाही?

आणि एक, सासूबाईंना कमिटीत बोलायला न्या. तुम्ही त्यांच्या वतीने नका बोलू. त्यांचं ते एक वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडून येऊ द्या.

प्रश्न: वेल्श म्हणजे इंग्रजीचीच एक बोली ना, जशी आपली वऱ्हाडी? मग एवढा गाजावाजा कशाला? (एक वाचक, खामला)

उत्तर: नाही काका, अजिबात नाही. वेल्श ही केल्टिक भाषा, इंग्लिश जर्मॅनिक, दोघींचं नातं मराठी आणि फारसीपेक्षाही लांबचं. इंग्लिश त्या बेटावर पोचायच्या आधीपासून वेल्शची आई तिथे बोलली जात होती. आणि आपल्या ळ सारखं त्यांचंही एक अक्षर आहे जे बाहेरच्यांना येत नाही, दोन ल जोडून लिहितात, जीभ ल म्हणताना ठेवतो तशीच ठेवून बाजूने नुसती हवा सोडायची. त्याच अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे ल्लान, चर्चभोवतीची जागा, त्यामुळे कितीतरी गावांच्या नावात ल्लान. आणि वऱ्हाडीला कमी लेखू नका, माझी आजी देवाशी वऱ्हाडीतच बोलायची. जाताजाता, मेघालयातली खासी भाषा आज रोमन लिपीत लिहितात ती थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्यामुळे, तो १८४१ मध्ये चेरापुंजीला आला आणि त्याने स्पेलिंगची पद्धत आपल्या वेल्शवरून घेतली.

प्रश्न: माझा मुलगा मध्य वेल्समध्ये एका छोट्या गावात नोकरीला आहे. शेजारच्या आजी त्याला डिसेंबरमध्ये चर्चमधल्या प्लगाइन नावाच्या कार्यक्रमाला बोलावतायत. आम्ही हिंदू, विठ्ठलाचे. त्याने जावं का, आणि तिथे नेमकं काय असतं? काही नेमधर्म पाळावा लागतो का? (एक आई, मनीषनगर)

उत्तर: पाठवा हो, नक्की पाठवा, आणि तुम्ही विठ्ठलाचे आहात तर त्याला तिथे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त ओळखीचं वाटेल.

प्लगाइन म्हणजे मूळची नाताळची पहाटेची उपासना, पूर्वी तीन ते सहाच्या मधे कधीतरी, लोक अंधारात मेणबत्त्या घेऊन चर्चला यायचे, आपली काकडआरती डोळ्यासमोर आणा. आता बहुतेक ठिकाणी संध्याकाळी असते, आणि तुमचा मुलगा आहे त्याच भागात, जुन्या माँटगोमरीशरमध्ये, ती सगळ्यात जास्त टिकलीय. सुरुवातीला छोटीशी प्रार्थना होते आणि मग पाळक सांगतो की प्लगाइन खुली आहे. त्यानंतर कुणी नावं पुकारत नाही, सूत्रसंचालन नाही, ऑर्गन नाही, पेटी नाही. बाकावरून एखादं कुटुंब उठतं, बाप आणि दोन मुलं, किंवा दोन बहिणी, किंवा शेजारचे तिघे शेतकरी, पुढे जातात, सूर धरतात आणि एक गीत म्हणून परत जागेवर. टाळ्या नाहीत. मग थोडी शांतता आणि दुसरे उठतात. रात्रभरात एकदा म्हटलेलं गीत पुन्हा कुणी म्हणायचं नाही, त्यामुळे घराघरांत गीतांच्या वह्या सांभाळलेल्या असतात. मी एकदाच गेले होते, दीडेक तासाची गाडी काढून, माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते त्यांच्या हातात कडा फाटलेली वही, पानांना चिकटपट्टी लावलेली, आणि दुसऱ्या कुणी त्यातलं गीत म्हटलं की ते पेन्सिलने तिथे बारीक खूण करायचे, म्हणजे हे गेलं, आता आपण हे म्हणायचं नाही. सगळ्यात शेवटी गायला आलेले सगळे पुरुष पुढे जाऊन एक गीत एकत्र म्हणतात, आणि मग हॉलमध्ये जेवण.

ती गीतं सहा-सात मिनिटांची, नुसती गोठा आणि तारा नसतात, आदामपासून क्रूसापर्यंत सगळी कथा असते, कीर्तनातलं आख्यान म्हणा ना. आणि हा सगळा परिसर अ‍ॅन ग्रिफिथ्स या गीतं रचणाऱ्या बाईचा. ही शेतकऱ्याच्या घरची बाई, १७७६ चा जन्म, १८०५ मध्ये बाळंतपणानंतर गेली, वय २९. तिने केलेली गीतं टिकली कशी, तर घरातल्या रूथ नावाच्या मोलकरणीला ती म्हणून दाखवायची, रूथला लिहिता येत नव्हतं पण सगळं पाठ होतं, आणि पुढे रूथच्या नवऱ्याने तिच्या तोंडून ऐकून ते लिहून काढलं. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नेमधर्म काही नाही. टोपी काढायची, फोन बंद, सगळे उभे राहिले की उभं राहायचं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, असेल तर त्याने जागेवरच बसावं, कुणी काही म्हणत नाही. जेवणात मांस असतं, चालत नसेल तर आजींना आधी सांगून ठेवावं. रिकाम्या हाताने जाऊ नये, तुमच्या हातच्या संत्राबर्फीचा डबा पाठवला असेल तर तोच घेऊन जावा. आणि दिओल्ख एवढा एक शब्द शिकून जा म्हणावं, धन्यवाद, त्या एका शब्दावर आजी त्याला दरवर्षी नेतील.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, मोहननगर. घरी मराठी बोलते पण शाळा इंग्लिश मीडियम. मम्मी मराठी उपासनेला ओढून नेते, तिथली मराठी मला अर्धी कळत नाही, "अंगीकार", "प्रायश्चित्त", "पाचारण", हे कोण बोलतं? एकदा मला वाचायला दिलं तर मी दोन शब्दांवर अडले आणि मागून काही अंकल हसले. त्यानंतर मी नाही वाचलं. तुम्ही सगळे म्हणता भाषा टिकवा, पण आम्हाला हसता कशाला?

उत्तर: बेटा, तुझं बरोबर आहे आणि ते हसणारे चुकलेत. तुझ्या पत्रातली ही ओळ मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवली, खोलीत कुणी बोललं नाही बराच वेळ.

वेल्समध्ये मी जे सगळ्यात मनापासून उचललं ते हेच, शिकणाऱ्याला मान. तिकडे वेल्श बोलणारे लोक छातीवर नारिंगी रंगाचा छोटा बिल्ला लावतात, की माझ्याशी वेल्श बोला, आणि शिकणाऱ्यांसाठी तसाच वेगळा बिल्ला असतो. आमच्या चर्चमध्ये मँचेस्टरहून आलेली एक नर्स होती, दोन वर्षं शिकत होती, तिने पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचला तेव्हा एका लांबलचक शब्दावर तीनदा अडली. अख्खं चर्च थांबलं. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही, खोकलंसुद्धा नाही कुणी, तिचं तिने म्हटलं आणि पुढे गेली, आणि चहाच्या वेळी सत्तरीतले दोन वॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, तिच्याकडे जाऊन फक्त एवढं म्हणाले की पुढच्या महिन्यात पण तूच वाच.

शब्दांचं म्हणशील तर तोही त्रास त्यांना आहेच, १५८८ च्या बायबलची वेल्श आजची पोरं बोलत नाहीत. म्हणून त्यांनी बोलीतल्या सोप्या वेल्शमध्ये बायबल आणलं, इंटरनेटवर फुकट, आणि मुलांच्या वाचनाला तेच घेतात. आपल्याकडे तर हे पंडिता रमाबाईंनी कधीच ओळखलं होतं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते पूर्ण छापून आलं. म्हणजे कठीण शब्दांची तक्रार करणारी तू पहिली नाहीस, आणि ती तक्रार म्हणजे मराठी नको असं तर बिलकुल नाही.

तू एक कर. पाळकसाहेबांना सांग की मला पुढच्या महिन्यात एक रविवार द्या, पण भाषांतर मी निवडणार, सोप्या मराठीतली आहेत आता. लूकचा १५ वा अध्याय घे, उधळ्या मुलाचा, ११ ते ३२ ओव्या, त्यात सगळी बोलणारी माणसं आहेत त्यामुळे वाचायला सोपं जातं. शनिवारी रात्री घरी मम्मीसमोर दोनदा मोठ्याने वाच, एकदा सावकाश, एकदा तुझ्या वेगात, अडशील तिथे पेन्सिलने खूण कर. रविवारी अडलीस तर थांब, श्वास घे, परत म्हण. आणि मला कळव कुठला रविवार मिळाला ते, मी येते, मागच्या बाकावर त्या अंकलांच्या शेजारीच बसते.